जलप्रपातावरून तारेने जाताना : मॉरिशसच्या प्रवाशांसाठी

मॉरिशसच्या नैर्ऋत्येकडील डोंगरांत शिरताना सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसास तेथील काळा कातळ ओळखीचा वाटतो, आणि ही ओळख म्हणजे घराच्या आठवणीने झालेला भास नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानातून उसळलेल्या लाव्ह्याने दख्खनचे पठार थरावर थर रचून उभे केले, त्याच स्थानाने, भारताचा भूखंड त्यावरून सरकत उत्तरेस निघून गेल्यानंतर पुष्कळ काळाने, म्हणजे ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांपूर्वी, हिंदी महासागराच्या तळापासून मॉरिशसचे बेट वर आणले. आणि आज तेच स्थान शेजारच्या रेयुनियों बेटावर जागृत ज्वालामुखीच्या रूपाने धगधगत आहे. एकाच उगमाचा हा बेसाल्ट असल्यामुळे त्यावरून उतरणाऱ्या पाण्याची रीतही आपल्या घाटांतल्या पाण्यासारखीच आहे. कठीण थराच्या कडेपर्यंत शांतपणे येणारे पाणी तेथून एकदम उभ्या कड्यावरून खाली झेपावते आणि पायथ्याशी खोल, वर्तुळाकार डोह कोरून पुढच्या थराकडे निघते. शामारेलचा धबधबा अशा एकाच झेपेत ऐंशी मीटरांहून अधिक खोल उतरतो. हेन्रिएटा गावाखालचा तामारें नदीचा प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी अनेक धबधबे करीत दरीत जातो. तर सुयाकजवळचा रोचेस्टर हा उंचीने लहान असला तरी चौकोनी स्तंभांच्या ज्या भिंतीवरून तो पडतो, ती भिंत पाहण्यासाठीच तेथे जावे.

अशा या बेटावर दऱ्याखोऱ्यांवरून पोलादी तार बांधून, तिच्यावर फिरणाऱ्या कप्पीस माणूस टांगून, त्यास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोडण्याची सोय अलीकडच्या काळात झाली आहे. तिला सर्वत्र झिपलाइन म्हणतात. पश्चिमेस कासेला येथील उद्यानात आणि दक्षिणेस शामुनीजवळच्या ला वॅले दे कुलूर या उद्यानात ही सोय आहे. शामुनीच्या उद्यानाच्या हद्दीत चार धबधबे असून तेथील सर्वांत लांब तार दीड किलोमीटरची आहे. सुटीसाठी मॉरिशसला जाणाऱ्या मराठी कुटुंबांत हल्ली तरुण मुलांबरोबर त्यांचे आईवडीलही या तारेवर जाण्यास उत्सुक असतात. ही गोष्ट मला फार आनंदाची वाटते, आणि म्हणूनच त्यांनी ती नीट समजून, नीट तयारी करून करावी, अशी माझी तळमळ आहे.

तारेवरून नदी ओलांडणे ही मुळात करमणूक नव्हती. हिमालयाच्या दऱ्यांत आणि चीनमधील युनान प्रांतात, जेथे पूल बांधणे अशक्य किंवा अतिशय खर्चाचे होते, तेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे, धान्याची पोती आणि शेळ्यामेंढ्या अशाच दोरावरून पलीकडे गेल्या आहेत. कोस्टा रिकाच्या अरण्यांत 1970 नंतरच्या दशकात वृक्षांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दोरांच्या साह्याने त्या उंचीवर वावरण्याच्या पद्धती बसविल्या, आणि पुढे 1990 नंतर त्याच देशात पर्यटकांना झाडांच्या माथ्यांवरून नेणारे व्यवसाय उभे राहिले. तेथून ही रीत जगभर पसरली.

प्रथमच जाणाऱ्या मनुष्याचे भय बहुधा चुकीच्या जागी असते. पायांखाली दोनशे फूट पोकळी आहे, खाली खडक आहेत, पाणी गर्जत आहे, या दृश्याची त्यास भीती वाटते. परंतु जी तार, जी कप्पी आणि अंगास बांधलेल्या पट्ट्यांचा जो हार्नेस त्यास धरून आहे, त्यांना ही उंची दोनशे फूट आहे की वीस फूट आहे याने काहीही फरक पडत नाही. खरी काळजी दोन ठिकाणी घ्यावयाची असते. पहिले ठिकाण सुटण्याचे, जेथे तुम्हांस तारेशी जोडले जाते; आणि दुसरे पोहोचण्याचे, जेथे तुमचा वेग थांबवून तुम्हांस तारेपासून सोडविले जाते. या दोन मचाणांवर माणसांचे हात काम करीत असतात, घाई होऊ शकते, बोलणे ऐकू येईनासे होते, लक्ष विचलित होते. मधल्या अंतराळात मात्र करण्यासारखे फारसे काहीच नसते. तेव्हा आपली सावधगिरी या दोन टोकांवर खर्च करावी आणि मधला काळ निश्चिंतपणे पाण्याकडे पाहण्यासाठी राखून ठेवावा, हे या लेखाचे सारे म्हणणे आहे.

ही व्यवस्था चालते कशी, हे ज्यास कळले त्याचे निम्मे भय तेथेच ओसरते. पुष्कळांस असे वाटते की तार जितकी ताठ तितकी ती सुरक्षित, आणि मध्ये खाली वाकलेली तार दिसली की ती सैल पडली असावी अशी शंका त्यांच्या मनात येते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अंगणात कपडे वाळत घालण्याची दोरी फार ताणून बांधली तर एका ओल्या चादरीच्या वजनानेही तिची खुंटी उपटते, पण तीच थोडी झोळ देऊन बांधली तर साऱ्या घराचे धुणे ती सांभाळते. झिपलाइनचेही गणित हेच आहे. तारेच्या मध्यभागी टांगलेल्या माणसाच्या ठिकाणी तिचा झोळ लांबीच्या विसाव्या हिश्श्याइतका असेल, तर त्या माणसामुळे तारेत येणारा ताण त्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट असतो. झोळ पन्नासाव्या हिश्श्याइतकाच ठेवला, तर तोच ताण साडेबारापट होतो. म्हणून जाणता अभियंता तारेस जाणूनबुजून झोळ देतो, आणि तो झोळ, दोन टोकांच्या उंचीतील फरक व ठरविलेल्या वजनाची मर्यादा यांचा एकत्र विचार करूनच वेग ठरवितो. झोळामुळे प्रवासी आरंभी वेगाने उतरतो आणि शेवटी तार किंचित वर चढत असल्यामुळे आपोआप मंदावतो. उरलेला वेग थांबविण्याचे काम ब्रेक करतो.

वजनाचा प्रश्न येथे येतो, आणि तो नाजूक असल्यामुळे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. जड मनुष्य हलक्या मनुष्यापेक्षा अधिक वेगाने जातो, कारण हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या मानाने कमी पडतो. हलका मनुष्य, विशेषतः समोरून वारा असेल तर, पलीकडच्या मचाणापर्यंत न पोहोचता तारेच्या सखल भागात थांबूही शकतो. म्हणूनच किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा प्रत्येक तारेस ठरवून दिलेल्या असतात, आणि चढण्यापूर्वी तेथे काट्यावर वजन केले जाते. चारचौघांत वजन सांगण्याचा आपल्याकडे संकोच असतो. स्त्रियांत तर तो अधिकच. परंतु येथे सांगितलेला आकडा हा ब्रेक लावणाऱ्या माणसासाठी असतो, त्याच्यावरून तो तुमचा वेग अजमावतो, आणि पाच-सहा किलोंची चोरी ही त्याच्या अंदाजातली चूक होऊन बसते. काटा असेल तर काट्यावर उभे राहावे; नसेल तर बुटांसह, कपड्यांसह आणि खिशातील सामानासह खरे वजन सांगावे. सहकुटुंब जाणाऱ्यांनी ही मर्यादा आगाऊ विचारून घ्यावी, म्हणजे तेथे पोहोचल्यावर धाकट्या मुलीस किंवा स्थूल काकांस ऐन वेळी परत फिरवले जाण्याचा प्रसंग येत नाही.

ब्रेकचे प्रकार अनेक आहेत. कोठे स्प्रिंगांची माळ असते, कोठे लवचिक दोरास जोडलेला अडसर असतो, कोठे चुंबकाच्या साह्याने, काहीही न घासता, वेग हळूहळू शोषून घेणारे यंत्र असते. आणि कोठे, विशेषतः लहान तारांवर, प्रवाशानेच जाड चामडी हातमोजा घालून कप्पीच्या मागे तारेवर हात टेकवावयाचा असतो. लांब आणि वेगवान तारेवर केवळ प्रवाशाच्या हातावर ब्रेकचे काम सोपविलेले असेल, तर मी तेथे जाणार नाही आणि वाचकांनीही जाऊ नये असे मला वाटते. घाबरलेला मनुष्य आयत्या वेळी हात टेकविण्यास विसरतो, किंवा नको तेव्हा टेकवून मध्येच अडकतो. शिवाय धबधब्याच्या तुषारांनी किंवा पावसाने तार ओली झाली की हातमोज्याची पकड पुष्कळच कमी होते. तेथे आपोआप काम करणारा ब्रेक हवा आणि तो निकामी झाला तर काम देणारा दुसराही हवा.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी तेथील कचेरीत काही प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. ज्यांचे काम चोख असते त्यांना असे प्रश्न आवडतात, हे माझे निरीक्षण आहे. तारेची दररोज सकाळी पाहणी कोण करतो व त्याची नोंद कोणत्या वहीत होते. बाहेरच्या तज्ज्ञ तपासनिसाकडून शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तिचा दाखला पाहावयास मिळेल काय. ही मांडणी युरोपच्या ईएन 15567 किंवा अमेरिकेच्या एएसटीएम एफ 2959 यांसारख्या मान्य नियमावलीस धरून आहे काय. ब्रेक कोणता, आणि त्यामागे दुसरा आहे काय. मध्ये अडकलेल्या माणसास आणण्याची तजवीज काय. वाऱ्याचा वेग किती झाला की तार बंद करता. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याच्याजवळ ठरावीक आकडा आहे आणि वारा मोजण्याचे साधन आहे, त्याने हा विचार आधी केलेला असतो. जो हसून सांगतो की आम्ही कधी बंद करीत नाही, त्याच्या दारातून परत फिरावे, मग पैसे भरलेले असले तरी बेहत्तर.

याच कचेरीत एक कागद सहीसाठी पुढे केला जातो. त्यात प्रवासी स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याची कबुली असते आणि प्रकृतीसंबंधी निवेदन असते. मॉरिशसमध्ये हा मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नये. फ्रेंचमध्ये असेल तर इंग्रजी प्रत मागावी. आपल्या प्रवास-विम्याच्या पॉलिसीकडेही घरून निघण्यापूर्वीच लक्ष द्यावे, कारण पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ हे अपवादाच्या कलमात घातलेले असतात आणि अशा खेळात झालेल्या इजेची नुकसानभरपाई त्या नाकारतात. थोडा जादा हप्ता भरून ते कलम उठवून घेता येते की नाही, हे विमा कंपनीस लेखी विचारावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. प्रकृतीच्या रकान्यांत काहीही लपवू नये. गर्भवती स्त्रिया, हृद्रोगी, अपस्मार असलेले, पाठीच्या कण्याचे दुखणे असलेले, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी तारेवर जाऊ नये. रक्तदाबाच्या रोग्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारावे. मधुमेहींनी उपाशी जाऊ नये आणि साखर जवळ बाळगावी.

आता ऋतूविषयी. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे मॉरिशसचा उन्हाळा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो आणि पाऊसही मुख्यतः त्याच काळात पडतो. मे ते ऑक्टोबर हा तेथील हिवाळा, म्हणजे सौम्य, कोरडा आणि आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांचा काळ. धबधबे भरलेले पाहावयाचे तर फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण जानेवारी ते मार्च हेच चक्रीवादळांचे मुख्य महिने, आणि त्या दिवसांत मुसळधार पाऊस व विजा यांमुळे तार वारंवार तहकूब ठेवावी लागते. उलट ऑक्टोबर हा वर्षातील सर्वांत कोरडा महिना; तेव्हा आकाश स्वच्छ मिळते, पण लहान धबधबे क्षीण होतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्यांचा जोर असतो आणि उंच, उघड्या तारांस त्याचा त्रास होतो. माझ्या मते मे आणि जूनचा पूर्वार्ध हा मधला काळ सर्वांत चांगला: पाऊस सरलेला असतो, ओढ्यांत पाणी टिकून असते, आणि आपल्याकडील शाळांच्या उन्हाळी सुट्टीशीही तो जुळतो. चक्रीवादळाचे इशारे तेथील हवामान खाते एक ते चार अशा वर्गांत देते. पहिल्या वर्गाचा इशारा लागला की तारेचा बेत मनातून काढून टाकावा आणि आपल्या हॉटेलच्या सूचनांप्रमाणे वागावे.

बेट लहान असले तरी त्याचे हवामान जागोजाग निराळे आहे, ही गोष्ट आपल्या प्रवाशांच्या ध्यानात येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक येथे लख्ख ऊन पडलेले असताना क्युरपीपच्या पठारावर धुके आणि पाऊस असू शकतो, कारण वाऱ्याबरोबर आलेले ढग आधी मधल्या उंच पठारावर रिकामे होतात. म्हणून आपल्या खिडकीतून आकाश पाहून ठरवू नये. निघण्यापूर्वी उद्यानात दूरध्वनी करून तेथील हवा विचारावी. वेळ सकाळची घ्यावी. सकाळी वारा बहुधा कमी असतो, मार्गदर्शक ताजेतवाने असतात, रांग लहान असते, आणि पाऊस आलाच तर थांबून पाहण्यास दिवस हाताशी उरतो. त्याच कारणास्तव तारेचा बेत मुक्कामाच्या अखेरच्या दिवसावर ठेवू नये. आरंभीच ठेवला म्हणजे तहकुबी झाली तरी दुसरा दिवस मिळतो.

पोशाखाबद्दल थोडक्यात सांगतो. पायांत नाडीचे बंद बूट असावेत. चप्पल खाली पडते, आणि ती खाली जाणाऱ्या कोणाच्या डोक्यावरही पडू शकते. हार्नेसचे पट्टे मांड्यांवर येतात, त्यामुळे गुडघ्यापर्यंतची तरी विजार हवी. साडी, ओढणी आणि सैल घेर सर्वथा वर्ज्य. केस घट्ट बांधून हेल्मेटखाली घ्यावेत. मंगळसूत्र, लांब कर्णभूषणे, बांगड्या आणि अंगठ्या खोलीवर ठेवून यावे. यात अशुभ काही नाही, कप्पीत किंवा पट्ट्यात साखळी अडकणे हेच खरे संकट आहे. चष्म्यास दोरी लावावी. पोट अगदी रिकामे नको आणि भरलेलेही नको. मद्य घेतलेल्या माणसास चांगली संस्था तारेवर जाऊच देत नाही. आदल्या रात्रीचा अंमल उतरला नसेल तर स्वतःच थांबावे.

ज्यास उंचीचा फार धसका आहे त्याने थेट दीड किलोमीटरच्या तारेवर आरंभ करू नये. घरून निघण्यापूर्वी लोणावळ्याच्या परिसरातील एखाद्या लहान तारेवर जाऊन हार्नेसमध्ये बसण्याची सवय करावी. अथवा मॉरिशसमध्येच लहान तारांची साखळी आधी घेऊन मोठी मागाहून घ्यावी. आणि तरीही मन घेत नसेल तर नाही म्हणावे. घरातील मंडळी चेष्टा करतात, मुले गळ घालतात, पैसे भरलेले असतात. पण भयाने ताठरलेले शरीर सूचना ऐकत नाही, आणि अशा माणसास ढकलून तारेवर सोडणे हे क्रूरपणाचे आहे. वृद्ध आईवडिलांसाठी पलीकडच्या टोकाजवळ बसण्याची जागा असते काय, तेथपर्यंत वाहन जाते काय, हे विचारून ठेवले म्हणजे त्यांचाही दिवस आनंदात जातो.

मचाणावर चढल्यापासून एक नियम अखंड पाळावयाचा: तुमच्या हार्नेसला जोडलेल्या दोन पट्ट्यांपैकी निदान एक पट्टा सदैव कोठे तरी अडकविलेला असला पाहिजे. मार्गदर्शक एक सोडून तारेवर लावतो, मग दुसरा हलवितो. दोन्ही एकदम सुटे झालेले दिसले तर तेथल्या तेथे मोठ्याने सांगावे, संकोच करू नये. कॅराबिनरला, म्हणजे पट्टा अडकविण्याच्या कडीला, स्वतः हात लावू नये, पण त्याचे तोंड बंद होऊन मळसूत्र फिरविले गेले की नाही हे डोळ्यांनी पाहावे. हार्नेसचे पट्टे कमरेच्या हाडांच्या वर बसलेले, मांड्यांवर घट्ट आणि कोठेही पीळ न पडलेले असावेत. पट्टा व अंग यांमध्ये सपाट हात जेमतेम शिरेल इतके ते आवळलेले हवेत. मार्गदर्शकाच्या खुणा निघण्यापूर्वीच समजून घ्याव्यात, कारण धबधब्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. मॉरिशसमधील मार्गदर्शक आपसांत क्रिओल बोलतात, तुमच्याशी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, आणि पुष्कळांना हिंदीही समजते. तरीही पाय वर घेण्याची, ब्रेक लावण्याची आणि स्थिर राहण्याची खूण त्यांच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी व आपण ती परत करून दाखवावी.

सुटताना उडी मारू नये. हार्नेसमध्ये खुर्चीवर बसल्यासारखे बसावे, तार तुमचे वजन घेते हे अंगाला कळू द्यावे, आणि मग मचाणावरून पाय उचलावेत. हात कप्पीखालच्या पट्ट्यावर राहावेत. कप्पीच्या पुढे तारेवर हात कधीही नेऊ नये, तेथे बोटे सापडतात. अंग गिरकी घेऊ लागले तर पट्टा किंचित विरुद्ध दिशेस पिळून ते सरळ करता येते. गुडघे पोटाशी घेतले की हवेचा विरोध घटून वेग वाढतो. हातपाय पसरले की तो मंदावतो. हलक्या अंगाच्या माणसाने ही गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्ध्यावर थांबण्याची वेळ सहसा येत नाही. आणि आलीच, तर घाबरण्याचे कारण नाही. तुम्ही तारेला पूर्ववत जोडलेले आहात. मार्गदर्शकाने सांगितल्याप्रमाणे पाठमोरे होऊन हातांवर हात टाकीत पुढे सरकावे, किंवा तो आणावयास येईपर्यंत थांबावे. थांबावे लागले तर पाय लोंबते ठेवून निश्चल राहू नये. हार्नेसमध्ये बराच वेळ न हलता टांगून राहिल्यास पायांत रक्त साचून घेरी येऊ शकते, म्हणून पाय हलवीत, मधूनमधून गुडघे वर घेत राहावे.

आणि मग पाण्याकडे पाहावे. ताशी साठ किलोमीटरची सरासरी धरली तर दीड किलोमीटरचे अंतर नव्वद सेकंदांत संपते. धबधबा दृष्टीच्या टप्प्यात असतो तो त्यातलाही एक भाग. एवढ्या थोड्या वेळात हातातील यंत्रातून चित्र घेण्याची धडपड करणाऱ्यास ना चित्र धड मिळते, ना धबधबा. चित्रच हवे असेल तर हेल्मेटवर बसविलेला कॅमेरा घ्यावा, किंवा उद्यानाकडून मागाहून छायाचित्र विकत घ्यावे. त्याच धबधब्यास आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी जमिनीवरच्या सज्जातून नीट पाहून ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. म्हणजे वरून जाताना काय शोधावयाचे ते डोळ्यांस आधीच ठाऊक असते. खालून आपण पाण्याचे पडणे पाहतो. वरून त्याचे कड्यापर्यंत येणे दिसते, म्हणजे हिरव्या झाडीतून संथ वाहणारी, अद्याप काहीच ठाऊक नसलेली नदी, मग कातळाची धार, मग पांढरे विस्कटलेपण, आणि तळाशी गर्द निळसर डोह. सूर्य पाठीशी आणि तुषार समोर खालच्या बाजूस असतील, तर जमिनीवरून अर्धवर्तुळाकार दिसणारे इंद्रधनुष्य येथे अर्ध्याहून अधिक वर्तुळ दाखवू शकते. म्हणून सकाळच्या वेळी सूर्य कोणत्या बाजूस असेल हे मार्गदर्शकास विचारून ठेवावे. कड्यांजवळ लांब शेपटीचा एक शुभ्र पक्षी घिरट्या घालताना दिसला तर तो पाय-आं-क्यू. कड्यांच्या कपारींत तो घरटे करतो, आणि एअर मॉरिशसच्या विमानांच्या शेपटीवर त्याचेच चित्र असते. खालच्या झाडीत हरिण दिसले तर तो जावा बेटावरील हरणांचा वंशज; डच वसाहतवाल्यांनी 1639 मध्ये त्यांना येथे आणले.

पलीकडचे मचाण दिसू लागले की पाहणे संपले असे समजावे. तेथून सारे लक्ष उभ्या असलेल्या मार्गदर्शकाच्या हातांवर. त्याने खूण केली की पाय वर, गुडघे किंचित वाकलेले; ब्रेकचा धक्का लागला तरी पट्टा सोडावयाचा नाही; आणि त्याने तुमचा पट्टा मचाणाच्या दोरास अडकवून हाताने थोपटल्याशिवाय उभे राहावयाचे नाही. पुष्कळ जण पोहोचल्याच्या आनंदात पाय टेकताच स्वतःच पट्टा सोडू पाहतात. या एका क्षणाबद्दल मुलांना निघण्यापूर्वी दोनदा सांगावे.

तारेसाठी मचाणे जिवंत झाडांवर बांधली आहेत की स्वतंत्र खांबांवर, हेही पाहावे. झाडाभोवती पोलादी दोर आवळला आणि सालीचे रक्षण केले नाही, तर काही वर्षांत ते झाड वाळते. मॉरिशसमधील मूळ अरण्याचा फारच थोडा अंश आज उरला आहे; ऊस, आयात केलेली हरणे आणि रानोमाळ पसरलेले चिनी पेरू यांनी बाकीचे गिळून टाकले. ज्या संस्थेने खांब उभे करून झाडे मोकळी ठेवली आहेत, तिला चार पैसे अधिक द्यावे लागले तरी द्यावेत. आपल्या बुटांच्या तळांत अडकलेली माती आणि बिया दुसऱ्या अरण्यात शिरण्यापूर्वी झाडून काढाव्यात.

भाद्रपदात जाणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी हा उत्सव तेथे जिवंत ठेवला आहे, आणि हेन्रिएटा व कास्कावेल या गावांत तो पाहणे हा मराठी माणसास मोठा आनंद आहे. त्या दिवशी मात्र तारेची वेळ ठरवू नये. रस्ते मिरवणुकांनी भरलेले असतात, आणि उत्सव सोडून तारेवर जाण्यापेक्षा तार दुसऱ्या दिवशीच्या सकाळी ठेवणे केव्हाही बरे.

वाऱ्यामुळे किंवा पावसामुळे तार बंद झालीच, तर पैसे परत मिळण्याचा किंवा दिवस बदलून मिळण्याचा शिरस्ता काय आहे हे पावतीवर लिहिलेले असते. ती पावती सांभाळावी आणि कचेरीतच निकाल करून घ्यावा, हॉटेलच्या दलालावर सोडू नये. दिवस मोकळा झाला म्हणून तामारेंच्या धबधब्यांकडे पायी उतरण्याचा मोह होतो. पाऊस झालेला असेल तर तो टाळावा, कारण तेथील कातळ शेवाळाने निसरडा होतो आणि वरच्या पठारावर पडलेल्या पावसाने प्रवाह अचानक फुगतो. कोरड्या दिवशी हेन्रिएटाहून स्थानिक वाटाड्या घेऊन निघावे, वरच्या पहिल्या दोन धबधब्यांपर्यंत जावे, आणि पाणी गढूळ होऊ लागलेले दिसताच प्रवाहापासून दूर, चढाच्या बाजूने वर यावे.